सॉस आळायच्या आत

८ डिसेंबर, सोमवार. बटाटे सोलते आहे.

गुजरातेतल्या डिसाचे जुने बटाटे आहेत. बाजारात आता नवे यायला लागलेत, पातळ सालीचे, दिसायला छान. पण नवा बटाटा तेलात पडला की बाहेरून काळपट होतो आणि आतून लिबलिबीत राहतो, म्हणून दोन दुकानं जास्त फिरून जुने आणले. तुझ्या पद्धतीनं बोटाएवढे जाड काप करून पाण्यात टाकते आहे. पाणी गढूळ झालं की बदलायचं, स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहायचं. काप भिजतील तोवर मला काम नाही, आणि हाताला काम नसलं की माझं डोकं चालत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

सुरेखा, काल तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. माणसं खूप आली. आपल्या रनाळ्याची तर आलीच, तुझ्या माहेरची म्हसावदची गाडी भरून आली. जेवणं वेळेवर झाली, मीठ बरोबर होतं. तू असतीस तर मंडप उन्हाच्या बाजूला का घातला म्हणून कोणाला तरी बोलली असतीस. मी बोलले. तेवढं तुझ्या वाटचं करून टाकलं.

त्याआधी प्रकाशा गावी तापीकाठी पिंड ठेवला तेव्हा कावळा लगेच आला. भात ठेवून आम्ही मागे सरकलो नाही तोच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. "काहीच इच्छा ऱ्हायनी नही बाईनी," असं जो तो म्हणायला लागला. मला पटलं नाही. तू साधी शेंगदाण्याच्या चटणीत जिरं घालायचं की नाही ही गोष्ट कधी अर्धी सोडली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून ओरडून पुन्हा सुरू करायचीस. तुझं काही राहिलं नाही असं कसं होईल? कावळ्याला भूक लागली होती, एवढंच.

हे सगळं मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे, यावर तू हसली असतीस. "उनी मास्तरीन," म्हणाली असतीस. एवढ्या वर्षांत आपण एकमेकींशी असं एक वाक्य बोललो नाही, सगळं अहिराणीत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहून लिहून माझ्या हाताला हेच वळण लागलं आहे. चालवून घे.

आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे. सासऱ्यांनी दोघा भावांना वेगळं काढलं तेव्हा घर बरोबर मधून वाटलं आणि मधला दरवाजा विटांनी बुजवून घेतला. भांडण नव्हतं. ते म्हणाले, "गोड शे तवरच वायलं व्हा." मला ते शंभर टक्के पटलं होतं. मी थोरली जाऊ, तू धाकटी, दोघींच्याही जिभा धारदार. वेगळी चूल झाली त्याच दिवशी मी तुला सांगून टाकलं, "तुन्हा घरमा मी बोलाव नही, मन्हा घरमा तू बोलू नको." तू म्हणालीस, "मंग आपन बोलूत कसावर?" पण नियम पाळलास. त्या नियमावर आपण इतकी वर्षं काढली आणि गोड राहिलो. गावात किती जावा बोलत नाहीत ते तू मोजून दाखवायचीस.

फ्राईज आले ते धनूमुळे. तुझी पोर नंदुरबारच्या कॉलेजला जायला लागली आणि एका दुपारी पुठ्ठ्याच्या डब्यात काहीतरी घेऊन आली. बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. उघडलं तर आतले बटाटे मान टाकलेले आणि वरचं चीज घट्ट होऊन मेणासारखं बसलेलं. पोर रडवेली झाली. तिथे खाल्लं तेव्हा कसं कुरकुरीत होतं, चीज कसं ओघळत होतं, हे ती हातवारे करून सांगत होती. तू एक काप उचललास, दाबून बघितलास, वास घेतलास आणि म्हणालीस, "हाई तं बटाटानं तळन शे. घरमाच करूत."

तो पहिला सॉस मी जन्मात विसरणार नाही. तू म्हशीचं दूध उकळायला ठेवलंस आणि पिठल्याला बेसन पेरतात तसा मैदा वरून पेरलास. गाठी झाल्या त्या रवीनं घुसळल्यास. मग चिजाचे तुकडे टाकलेस. मग रंग पांढरा दिसतो म्हणून हळद टाकलीस. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, हाताच्या सवयीनं, लसूण-मोहरीची चरचरीत फोडणी वरून ओतलीस. धनूनं कढईत डोकावून विचारलं, "हाई चीज शे का पिठलं?" आपण त्या दिवशी ते ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खाल्लं. भांडं पुसून खाल्लं. धनूनं सुद्धा.

पुढच्या वेळी तू धनूच्या मोबाइलवर नीट बघून घेतलंस. आधी लोणी, त्यात मैदा मंद आचेवर भाजायचा, मग गार दूध धारेनं सोडायचं. हे दोन माणसांचं काम आहे. एकीनं दुधाची बारीक धार धरायची, दुसरीनं चाटू थांबू द्यायचा नाही. धार मोठी झाली की गाठ, चाटू थांबला की गाठ. तुला धार धरता यायची नाही, तुझा हात सढळ. म्हणून धार माझी आणि चाटू तुझा, असं ठरून गेलं. बटाट्यांच्या दोन तळण्या करायच्या हेही तूच शोधून काढलंस. पहिली मंद तेलात, रंग न येऊ देता. मग काप तुझ्या जुन्या सुती साडीवर पसरून गार करायचे. मग तेल कडक तापवून दुसरी. वरून सॉस, त्यावर ओल्या लाल मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, बारीक शेव. आणि हिवाळ्यात आदल्या दिवशीचं वांग्याचं भरीत. भरीत! त्यावरून मी तुला किती बोलले असेन. भरीत हे भरीत आहे, ते भाकरीबरोबर खायचं, चिजाच्या खाली कोंबायचं नाही. तू ऐकलं नाहीस.

शनिवारी माझी सकाळची शाळा. शाळेतून थेट तुझ्याकडे येऊन सॉसची धार धरायचे, आणि मग माझ्या घरी जाऊन चपला काढते न काढते तोच तू भिंतीवर लाटणं आपटायचीस. दोन ठोके. म्हणजे दुसरी तळणी तेलात गेली. मग मी पुढच्या दारानं बाहेर, ओट्यावरून खाली, गल्लीतून तुझ्या ओट्यावर, पुढची खोली ओलांडून तुझ्या स्वयंपाकघरात. तेवढ्यात सॉस आळायला लागलेला असायचा. त्यावर साय धरलेली असायची आणि खालचे काप मऊ पडायला लागलेले.

तिथून तुझं दरवाजाचं सुरू झालं.

"जिजी, आठे परत दरवाजा करी लेऊत. तू फिरीसन येस तवलोंग फ्राईज गार."

मी म्हटलं, फ्राईजसाठी कोणी भिंत फोडतं का? तू म्हणालीस, लोक कशाकशासाठी फोडतात, हे तर खायचं काम आहे. मी म्हटलं, बरं, फोडला, मग कडी कोणाच्या बाजूला? तुझ्या बाजूला लावली तर मी तुझ्या मर्जीची, माझ्या बाजूला लावली तर तू माझ्या मर्जीची. तू म्हणालीस, "कडीच नको." मी म्हटलं, कडी नसली तर ते एकच घर झालं, मग वेगळं कशाला निघालो? तू चाटू कढईत उभा धरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "माले काय तुन्ही तिजोरी फोडनी शे?" आणि त्या बोलण्यात तुझा हात थांबला आणि सॉसमध्ये गाठी झाल्या. त्या गाठींचा दोष तू मला दिलास. मी घेतला नाही.

हा वाद दर शनिवारी व्हायचा आणि दर शनिवारी अर्धा राहायचा, कारण मधेच खायला बसावं लागायचं.

तुला ताप आला तेव्हा मिरचीचा हंगाम जोरात होता. पथारीवर सगळी लाल मिरची वाळत पडलेली, आभाळ भरून आलेलं. प्लेटलेट उतरत गेल्या. नंदुरबारहून सुरतेला न्यायचं ठरलं. मी गाडीत तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. लोक मला विचारतात, शेवटचं काय बोलली? त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. तू विचारलंस, "मिरचीवर ताडपत्री टाकी का?" मी हो म्हटलं. टाकली होतीच. तू डोळे मिटलेस. नवापूरच्या पुढे गेल्यावर मला कळलं की आता गाडी पळवण्यात अर्थ नाही. मी ड्रायव्हरला तरी थांबवलं नाही.

धनूबद्दल तू काही सांगितलं नाहीस. हे मी रोज मनात घोळवते आहे. तुला सांगायची गरज वाटली नाही, की सांगायला वेळ मिळाला नाही? या दोन्हींत फार फरक आहे आणि तो आता मला कळणार नाही.

कारण प्रश्न धनूचाच आहे. तुझी भावजय कल्पनाबाई कालपासून इथेच थांबली आहे. सुतक फिटल्यावर घरची पहिली कढई सुतकात नसलेल्या बाईनं चढवायची, ही आपल्याकडची रीत. वेगळी चूल असली तरी मीही सुतकातलीच, त्यामुळे मान तिचा. इतके दिवस दोन्ही घरांत तेलाचा वास नाही, फोडणी नाही, नुसतं उकडलेलं खातो आहोत. आज संध्याकाळी ती तुझ्या गॅसवर कढई ठेवेल, पुऱ्या तळेल. आणि उद्या सकाळी धनूला म्हसावदला घेऊन जाईल. कॉलेज शहाद्याला बदलून घेऊ, मामाचं घर भरलेलं आहे, इथे बाप दिवसभर शेतात, तरुण पोर एकटी घरात, तिला कोण बघणार? कल्पनाबाई वाईट बाई नाही. तिचं म्हणणं खोटंही नाही. तुझ्यामागे भाऊजी नुसते ओट्यावर बसून असतात. कोणी काही विचारलं की "तुम्ही म्हनशात तसं" एवढंच म्हणतात.

धनूला कोणी विचारलेलं नाही. ती रडत नाही. उठते, झाडते, भांडी घासते, चहा करते, पाहुण्यांच्या पाया पडते. ताटातलं ताटातच राहतं. तिची बॅग मी काल दारामागे भरलेली बघितली.

आणि मी बोललेले नाही. तुझ्या घरात मी बोलायचं नाही, हा माझाच नियम. तू होतीस तोवर तो नियम म्हणजे शहाणपण होतं. आता तू नाहीस आणि तो नियम माझ्या तोंडावर बसला आहे. ती पोर तुझ्या घरची. तुझं घर भिंतीच्या पलीकडे. मी कोण?

सकाळी कल्पनाबाईनं विचारलं, "पुरीसंगे अजून काय तळूत? बाईले काय आवडे?" मी म्हटलं, पुऱ्या तुम्ही करा, बाकीचं मी आणते.

पाणी स्वच्छ झालं. उठते.

मंगळवार.

काल संध्याकाळचं सांगते.

कल्पनाबाईनं कढई पुसून घेतली, तेल ओतलं, हात जोडले. पहिली पुरी देवाच्या नावानं बाजूला, दुसरी गायीला. तेलाचा वास घरभर पसरला तेव्हा भाऊजींनी ओट्यावरून आत मान वळवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. पुऱ्या झाल्या. कल्पनाबाई म्हणाली, "ताई, तेल उतारी ठेवू का?"

"नको," मी म्हटलं. "आते बटाटा."

तिनं माझ्या परातीकडे बघितलं. निथळलेले, पुसलेले काप. "आजना दिनले हाई काय नवीन?"

मी काही बोलायच्या आत धनू दारातून म्हणाली, "नवीन नही मामी. शनिवारनं शे."

सोमवार होता. कोणी चूक काढली नाही.

ती आत आली, ओढणी कमरेला खोचली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून तुझी सुती साडी काढली. तीच, तेलाचे डाग पडलेली. धुऊन, घडी घालून ठेवलेली होती. तिनं ती गॅसशेजारच्या टेबलावर पसरली. मी पहिली तळणी काढत गेले, ती काप साडीवर एकेक करून पसरत गेली, एकमेकांना चिकटू न देता. कल्पनाबाई पाटावर बसून बघत होती. तिला वाटलं झालं. "मऊच शेत हाई," ती म्हणाली.

"थांबा ना मामी," धनू म्हणाली.

काप गार होत होते तोवर सॉस. लोणी वितळलं, मैदा टाकला. मी सवयीनं दुधाचं भांडं हातात घेतलं आणि मग लक्षात आलं की चाटूला कोणी नाही. तेवढ्यात धनूनं चाटू उचलला.

"बारीक धार, मोठी माय," ती म्हणाली. "मी हालावस."

माझी धार चांगली असते, हे तू कबूल करायचीस. कालही तीच धरली. मी दूध सोडत राहिले. धनूनं चाटू थांबवला नाही. कढईच्या कडेनं, मग मधून, मग पुन्हा कडेनं, अगदी तुझ्यासारखा. ती तुला बघत बघत शिकली होती, आपल्या लक्षात आलं नाही. एक गाठ झाली नाही. चीज टाकलं. हळद टाकली नाही. फोडणीचं भांडं तिच्या समोरच होतं. तिनं ते बघितलं आणि थोडं बाजूला सरकवलं, आणि त्या वेळी तिच्या ओठाचा कोपरा हलला. तुझ्या पिठल्याची आठवण तिलाही आली असणार.

दुसरी तळणी मी कडक तेलात टाकली. आवाज झाला. रंग धरला. मी झारा उचलला.

आणि धनूनं पोळपाटावरचं लाटणं घेतलं, वळली, आणि भिंतीवर दोनदा आपटलं.

मी तिच्या शेजारीच उभी होते, सुरेखा. हातात झारा. तिच्या खांद्याला माझा खांदा लागेल इतकी जवळ.

तिनं लाटण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर रिकामं होतं. तिथून आता कोणी निघणार नव्हतं, कारण जी निघायची ती इथेच होती, आणि जी ठोके द्यायची ती नव्हती. भाऊजी ओट्यावरून उठून आत आले आणि दारात उभे राहिले. ठोके ऐकले आणि पाय आपोआप आत आले, असं त्यांचं तोंड झालं होतं. धनूच्या हातातून लाटणं खाली पडलं आणि ती रडायला लागली. गाडी आली तेव्हा रडली नव्हती, प्रकाशाला रडली नव्हती. काल तुझ्या गॅससमोर, तळणीच्या वासात उभी राहून रडली. कल्पनाबाई उठायला लागली, मी हातानं थांबवलं. गॅस बंद केला. काप जळू दिले नाहीत. मग पोरीला धरलं.

किती वेळ गेला सांगत नाही. मग मी म्हटलं, "चाल, आधी खाय. सॉस आळी जाई."

तिनं खाल्लं. नाक पुसत, उभ्यानं, परातीतूनच. वर ठेचा, पात, शेव. आणि भरीत. भरीत मी केलं नव्हतं, कल्पनाबाईनं सकाळी बिनफोडणीचं केलं होतं, तिला काय माहीत. धनूनं ते वाटीभर घेऊन सॉसच्या खाली कोंबलं आणि एक काप माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला. भरीत भाकरीबरोबरच खावं, हे माझं मत आजही कायम आहे. पण परातीत काही उरलं नाही, हेही लिहून ठेवते. भाऊजींनीही खाल्लं. कल्पनाबाईनं एक काप मोडून बघितला, आतून भुसभुशीत, बाहेरून कुरकुरीत. "दोनदा तळं म्हनीसन का?" तिनं विचारलं. धनूनं मान हलवली. मग तिनं सुद्धा पाट जवळ ओढला.

हात धुताना मी धनूला विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. इतक्या दिवसांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

"तुले कोठे ऱ्हानं शे?"

तिनं बापाकडे बघितलं नाही, मामीकडे बघितलं नाही. "आठे," म्हणाली.

कल्पनाबाईनं सुस्कारा सोडला. "म्हनीसनच म्हनस ना ताई, लई जाऊ द्या तिले. आठे जठे तठे मायच याद यी. आते दखं ना तुम्ही."

"याद तं यीच," मी म्हटलं. "म्हसावदले बी यी."

"पन येकली पोर. बाप दिनभर वावरमा."

"येकली कशी? मी शे ना."

 तिला मला दुखवायचं नव्हतं. पण मधल्या भिंतीचं मनात होतं ते बोलली, आणि बरोबर बोलली. "तुम्ही भितना तिकडे, ताई."

तिथे मला काय सुचलं म्हणशील? तू सुचलीस. चाटू उभा धरून बघणारी. आपण इतक्या शनिवारी तोच वाद घातला आणि मी दर वेळी कडीपाशी अडले. मला वाटायचं तू फ्राईजबद्दल बोलते आहेस. कदाचित तू फ्राईजबद्दलच बोलत होतीस. मेलेल्या माणसाच्या बोलण्यात नंतर जास्त अर्थ भरू नये, असं मी नेहमी म्हणते, आणि तुझ्या बाबतीतही म्हणते. तुला गरम खायला आवडायचं. पण तू मागितलेली गोष्ट आज कामाची ठरली, एवढं खरं.

"भीत पाडता येस," मी म्हटलं.

 मग दारातून भाऊजींचा आवाज आला. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं असेल.

"कव्हय?"

"सकायले," मी म्हटलं.

सुरेखा, तुझे आभार मानणं मला जमलं नसतं, तुलाही ऐकवलं नसतं. शनिवारी दुपारी शाळेतून घरी येताना मला भूक लागलेली असायची आणि मी पावलं उचलायचे, ते भिंतीवरच्या त्या दोन ठोक्यांसाठी. हे वारले, मग मुलगा पुण्याला गेला आणि घर रिकामं झालं तेव्हाही मला ते फार रिकामं वाटलं नाही, कारण पलीकडे तू भांडी आपटत असायचीस. हे मी तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, "मंग दरवाजा कर ना."  म्हणून सांगितलं नाही.

पण एका गोष्टीत तू चुकलीस. कडी पाहिजे. यावर मी अजून ठाम आहे. आता जास्तच.

आज सकाळी दगडू मिस्तरीला बोलावून आणलं. त्यानंच सासऱ्यांच्या सांगण्यावरून तो दरवाजा बुजवला होता. त्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत नेली आणि एका जागी आवाज बदलला. "जुनी चौकट आतच शे," तो म्हणाला. "वरनं लाकूड मी काढं नव्हतं." तुझ्या बाजूनं धनू उभी होती, धूळ नको म्हणून तुझी सुती साडी तिनं कपाटात ठेवून दिली होती आणि दुसरीच एक फाटकी चादर गॅसवर टाकली होती. पहिली वीट निघाली तेव्हा तिचा डोळा दिसला. मग नाक. कल्पनाबाई नऊच्या बसनं गेली, जाताना दोन तळण्यांची कृती पुन्हा विचारून गेली. मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दगडूनं मापं घेतली, दाराचा पल्ला कुठला ते विचारलं, मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "जिजी, कडी कोन्ह्या बाजूले?"

"तिकडे," मी म्हटलं. "धनूकडे."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "आनि तुम्हना बाजूले?"

माझ्या बाजूला काही नको, म्हटलं. नुसतं चांगलं जाड लाकूड ठेवा. मी लाटणं आपटत जाईन.